एरंडवण्यात भाड्यानं राहायला येताय? मग हे आधी वाचा

मे महिना लागला की मला फोन सुरू होतात. कुणाच्या मुलीला लॉ कॉलेजला प्रवेश मिळालेला असतो, कुणाच्या जावयाची पुण्यात बदली झालेली असते. प्रश्न एकच असतो, "ताई, तुमच्या तिकडे, त्या झाडांच्या भागात, घर मिळेल का?" घर मिळतं. पण एरंडवण्यात घर शोधायची रीत पुण्याच्या नव्या उपनगरांपेक्षा वेगळी आहे, आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. सोलापूरहून आले तेव्हापासून या भागात तीन घरं बदलली. त्यातल्या पहिल्या घरानं डिपॉझिटचा धडा दिला आणि दुसऱ्या घरानं झाडांचा. तेच इथे लिहिते आहे.

१. आधी भाग नीट समजून घ्या

नकाशा समोर ठेवा. एका बाजूला कर्वे रोड, दुसऱ्या बाजूला टेकडीच्या पायथ्यानं जाणारा लॉ कॉलेज रोड. या दोघांच्या मध्ये प्रभात रोड आणि भांडारकर रोड. दोन्ही डेक्कनकडून निघतात आणि लॉ कॉलेज रोडला जाऊन मिळतात. लोक "एरंडवणं" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा हाच पट्टा असतो. पण खुद्द एरंडवणे हे एक गाव होतं. त्याचं गावठाण आजही नळ स्टॉपच्या पलीकडे आहे, तिथली घरं दाटीची आहेत आणि भाडी बरीच कमी. विद्यार्थ्यांनी तिकडेही जरूर बघावं. पत्त्यात एरंडवणे आणि डेक्कन जिमखाना ही नावं आलटून-पालटून येतात, पिनकोड ४११००४.

प्रभात रोडला नाव मिळालं ते प्रभात फिल्म कंपनीवरून. ही कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. तिच्या स्टुडिओच्या जागेवर १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. भांडारकर रोडच्या वरच्या टोकाला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ पासून उभी आहे, लॉ कॉलेज १९२४ पासून. हे सगळं सांगायचं कारण असं की या भागातली शांतता आपोआप आलेली नाही. संस्थांनी मोठमोठी आवारं राखली, बंगलेवाल्यांनी कुंपणाच्या आत झाडं लावली, म्हणून एप्रिलच्या भर दुपारीही तुम्ही इथे सावलीतून चालत जाऊ शकता. ही आवारं जिथे संपतात तिथे सावलीही संपते. घर बघताना शेजारी कुणाचं आवार आहे हे बघा.

प्रभात रोडच्या गल्ल्यांना क्रमांक आहेत. पत्ता विचारताना नुसता "प्रभात रोड" सांगू नका. गल्लीचा क्रमांक, बंगल्याचं किंवा सोसायटीचं नाव, आणि जवळची एखादी खूण, तिन्ही विचारून घ्या. सारख्या नावांच्या इमारती पुष्कळ आहेत.

२. तीन वेगवेगळ्या वेळी पायी फिरा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मोबाइलवर फोटो बघतात, रविवारी सकाळी गाडीनं येऊन फ्लॅट बघतात आणि टोकन देतात. रविवारी सकाळी इथली कुठलीही गल्ली सुंदरच दिसते.

एकदा आडवारी सकाळी साडेआठ-नऊला या. लॉ कॉलेज रोड आणि नळ स्टॉपची गर्दी तेव्हा कळेल. मुख्य रस्ता तुंबला की गाड्या गल्ल्यांत शिरतात, तुमची गल्ली त्यातली आहे का ते बघा. दुसऱ्यांदा रात्री नऊनंतर या. खाली हॉटेल किंवा कॅफे असेल तर आवाज, खाद्यपदार्थांचा वास आणि दाराशी आडव्यातिडव्या लावलेल्या दुचाक्या तेव्हाच दिसतात. गेल्या काही वर्षांत जुन्या बंगल्यांमध्ये कॅफे फार झाले आहेत. तिसऱ्यांदा दुपारी दोनला या. घरात त्या वेळी दिवा लावावा लागतोय का, ते तपासा. गर्द झाडीतल्या तळमजल्यांवर भर उन्हाळ्यातही अंधार असतो, आणि पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत.

फिरताना गल्लीच्या तोंडाशी एखादा इस्त्रीवाला असतो, फुलवाली असते, वॉचमनकाका असतात. त्यांच्याशी बोला. "काका, इथे कुणाचा वरचा मजला रिकामा आहे का?" एवढं विचारलं तरी पुरतं. माझी दुसरी आणि तिसरी, दोन्ही घरं अशीच मिळाली. बंगल्यातल्या कित्येक जागांची जाहिरात कधी होतच नाही. घरमालक वयस्कर असतात, अनोळखी माणसांचे फोन त्यांना नको असतात, त्यामुळे जागा तोंडी सांगूनच जाते.

३. बंगल्याचा वरचा मजला की सोसायटीतला फ्लॅट?

बंगल्यात राहायचं म्हणजे कुणाच्या तरी घरात राहायचं. जिना बाहेरून असला तरी फाटक एकच. मी दुसरं घर बघायला गेले तेव्हा घरमालकीण आजींनी भाड्याचा विषय अर्धा तास काढलाच नाही. आधी कोकम सरबत दिलं. मग विचारलं, "सकाळी किती वाजता उठतेस? रात्री फाटक कोण लावणार? ओला कचरा वेगळा करतेस ना?" आणि मग मला अंगणात नेऊन बकुळीखालचा पाल्याचा ढीग दाखवला. म्हणाल्या, "हा पाला उचलायचा नाही. झाडाचं आहे ते झाडालाच." मी "बरं आजी" म्हटलं आणि घर मिळालं. अशी विचारपूस झाली की राग मानू नका. त्यांना भाड्याइतकीच सोबत हवी असते. मात्र तुम्हाला रात्रपाळी असेल, घरी सतत माणसं येत असतील, तर ते तिथेच स्पष्ट सांगा. नंतर कळलं की दोघांनाही त्रास होतो.

जुन्या बंगल्यात वायरिंग बघा. काळ्या गोल बटणांचे स्विच दिसले तर एसी किंवा गिझर चालेल का हे इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या. गच्चीला लागून भिंतीवर ओल आहे का, तेही बघा. भिंती जाड असतात, प्रत्येक खोलीत मोबाइलला रेंज येते का ते उभं राहून तपासा.

सोसायटीत मोकळीक जास्त, पण तिथे एकच प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा: "पुनर्विकासाचं काय चाललंय?" या भागातल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या कितीतरी इमारती पाडून नव्या होत आहेत. बिल्डर ठरला की मालक शेवटचं वर्ष-दोन वर्षं फ्लॅट कमी भाड्यानं देतात. भाडं आजूबाजूपेक्षा फारच कमी असेल तर कारण बहुधा हेच. घ्यायला हरकत नाही, पण किती दिवसांच्या नोटिशीवर बाहेर पडावं लागेल हे करारात लिहून घ्या. शेजारचा प्लॉट रिकामा किंवा पत्रे ठोकलेला असेल तर पुढची दोन-तीन वर्षं खोदकामाची धूळ आणि आवाज गृहीत धरा.

४. एजंट आणि डिपॉझिट

अकरा महिन्यांच्या करारासाठी एजंट साधारण एका महिन्याचं भाडं घेतात. घर बघण्याआधी पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका. टोकन दिलं तर कशासाठी, किती, आणि व्यवहार फिसकटला तर परत कधी, हे निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. पैसे बँकेतूनच द्या.

डिपॉझिटचा माझा अनुभव सांगते. पहिलं घर सोडताना मालकांनी रंगकामाचे म्हणून जवळजवळ दीड महिन्याच्या भाड्याइतके पैसे कापले. भिंतींना ओल मी येण्याआधीपासून होती. पण माझ्याकडे आलेल्या दिवसाचा एकही फोटो नव्हता, आणि करारात "घर पूर्ववत करून द्यावे" एवढंच वाक्य होतं. "पूर्ववत" म्हणजे काय, हे ठरवायला कुणाकडेच काही नव्हतं. आठ-दहा फेऱ्या मारून मी तो नाद सोडला. ते पैसे वाचवायला वीस फोटो पुरले असते.

५. ही कागदपत्रं आधीच काढून ठेवा

तुमच्या बाजूनं: आधार कार्ड (मोबाइल नंबर जोडलेला हवा), पॅन कार्ड, पासपोर्ट आकाराचे फोटो, नोकरीचं पत्र किंवा कॉलेजचं बोनाफाइड, गावाकडच्या कायम पत्त्याचा पुरावा, आणि ओळख देणारी दोन माणसं त्यांच्या आधार कार्डांसह.

मालकाकडून बघायला मागा: इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) किंवा मिळकत कराची पावती, ताजं वीजबिल, आधार आणि पॅन. मागायला संकोच करू नका. घर ज्यांच्या नावावर आहे तेच करारावर सही करताहेत ना, हे बघायचं असतं. इथल्या बऱ्याच बंगल्यांमध्ये नावं तीन-चार भावंडांची असतात आणि त्यातलं एखादं परदेशात असतं. अशा वेळी सही करणाऱ्याकडे इतरांचं कुलमुखत्यारपत्र आहे का, ते विचारा.

६. करार नोंदवाच

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. "आपल्यात कशाला? साध्या स्टँपपेपरवर करू" असं गोड बोलून कुणी सांगितलं तरी ऐकू नका. नोंदलेला करार हाच तुमचा पत्त्याचा पुरावा. बँक, गॅस, आधारवरचा पत्ता, सगळीकडे तोच लागतो.

आता नोंदणी ऑनलाइन होते. एजंट किंवा करार करून देणारा माणूस अंगठ्याचं यंत्र आणि कॅमेरा घेऊन घरी येतो. मालक दुसरीकडे असतील तर त्यांचा अंगठा वेगळ्या दिवशीही घेता येतो.

खर्च किती हे आधीच काढून ठेवा, कारण इथेच वाढीव पैसे मागितले जातात. मुद्रांक शुल्क मोजतात ते पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. समजा भाडं २५,००० रुपये, डिपॉझिट १ लाख, मुदत ११ महिने. भाडं झालं २,७५,०००, व्याज साधारण ९,१६७. बेरजेवर शुल्क येतं सातशे-आठशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. यावर कागदपत्रं हाताळण्याचं किरकोळ शुल्क आणि करणाऱ्याची मजुरी. हा हिशेब तुम्ही समोर मांडलात की आकडा लगेच खाली येतो.

सही करण्याआधी मसुदा एक दिवस घरी ठेवून वाचा. लॉक-इन (म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही) किती महिने, नोटीस किती दिवसांची आणि ती दोघांनाही लागू आहे का, रंगकामाचे पैसे कोण देणार, मोठी दुरुस्ती कुणाकडे, डिपॉझिट चावी दिल्या दिवशी परत मिळणार का. एवढी पाच उत्तरं त्यात सापडली पाहिजेत. नसतील तर लिहून घ्या.

मग राहतात दोन गोष्टी. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यायची असते, तीही ऑनलाइन देता येते, तिची प्रत जपून ठेवा. सोसायटी असेल तर कराराची प्रत सेक्रेटरींना द्या. फ्लॅट भाड्यानं दिल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. ते मालकानं भरायचं असतं, तुमच्या माथी येऊ देऊ नका.

७. ताबा घेण्याच्या दिवशी

सामान आत येण्याआधी मोबाइल काढा. प्रत्येक खोली, छत, नळ, फरशीची चीर, ओलीचा डाग, सगळ्याचे फोटो काढून त्याच दिवशी मालकांना पाठवा. विजेच्या मीटरचाही फोटो काढा आणि ग्राहक क्रमांक टाकून महावितरणची थकबाकी आहे का ते बघा. पाणी किती वाजता येतं, टाकी कोण भरतं, हे शेजाऱ्यांना विचारा. कचरा न्यायला "स्वच्छ" संस्थेच्या ताई दारावर येतात. ओला-सुका वेगळा द्या आणि महिन्याचे पैसे वेळेवर द्या. त्या आपल्याकडच्या सगळ्यात नियमित येणाऱ्या माणसांपैकी आहेत.

बाजाराचं फारसं सांगायला नको, कर्वे रोड आणि डेक्कन जवळच आहेत. फक्त जुनी दुकानं दुपारी बंद असतात. मेट्रोची नळ स्टॉप, गरवारे कॉलेज आणि डेक्कन जिमखाना ही तीन स्टेशनं या भागाला लागतात, पण तिन्ही खालच्या बाजूला. भांडारकर रोडच्या वरच्या टोकाला राहत असाल तर स्टेशनपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं चालायची तयारी ठेवा.

८. झाडांबरोबर राहायला शिका

हा भाग मी सगळ्यात मनापासून लिहिते आहे.

इथे वर्ष झाडांवरून मोजतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ, गच्ची रोज झाडावी लागते, पन्हाळी तुंबतात. मग पर्जन्यवृक्षाचे गुलाबी झुपके, एप्रिलमध्ये पीतमोहराचा पिवळा सडा, मेमध्ये गुलमोहर. पाऊस सरला की बुचाची फुलं. ऑक्टोबरमधल्या एखाद्या पहाटे रस्ता पांढरा दिसला आणि गोड वास आला तर समजा, बुच फुललाय. उंबराला फळं धरली की राखी धनेश येतात. माझ्या दुसऱ्या घराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उंबर होता. पहिल्यांदा धनेश पाहिला तेव्हा हातातला झारा तसाच राहिला. वाकड्या चोचीच्या टोकात त्यानं एक फळ धरलं, मान झटकन मागे टाकली, फळ हवेत उडालं आणि सरळ घशात गेलं. मग दुसरं, मग तिसरं. कढईतली पुरी करपली.

पण झाडांचे नियम असतात. वळवाच्या पहिल्या वादळात फांद्या पडतात. माझी स्कूटर अशाच फांदीखाली सापडली, हँडल आणि आरसा दोन्ही गेलं. एप्रिल ते जून या काळात वाळक्या किंवा पोखरलेल्या फांदीखाली गाडी लावू नका. विमा घेताना नैसर्गिक आपत्तीचं नुकसान त्यात धरलंय का, ते बघा. रस्त्यावर झाड पडलं तर १०१ वर अग्निशमन दलाला कळवा. तुटलेल्या तारेच्या जवळपासही जाऊ नका.

फांदी खिडकीवर येते म्हणून स्वतः कुऱ्हाड चालवायची नाही, माळ्यालाही सांगायचं नाही. महाराष्ट्रात १९७५ पासून शहरांतल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. झाड खासगी आवारातलं असलं तरी तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. छाटणीसाठीही उद्यान विभागाकडे अर्ज करायचा असतो. अर्ज मालकांनी करायचा, तुम्ही फक्त फोटो काढून त्यांच्या मागे लागा. "तुम्हीच बघून घ्या" असं ते म्हणाले तरी हात लावू नका, दंड तुमच्यावर येईल.

पाला जाळू नका. धूर वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या छातीत जातो. कोपऱ्यात ढीग करा, वरून ताक किंवा शेणाचं पाणी शिंपडा, पावसाळ्यानंतर खत होतं. जागा नसेल तर पुण्यात पाला देणारे आणि घेणारे यांना जोडून देणारे "ब्राउन लीफ"चे लोक आहेत. गच्चीवर बाग करणारे पोती आनंदानं घेऊन जातात.

सावलीत डास होतात. कुंड्यांखालच्या ताटल्या आणि गच्चीवरचं भंगार दर आठवड्याला कोरडं करा, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तर नक्कीच.

९. टेकडीवर जा, पण नीट

लॉ कॉलेज रोडच्या मागची टेकडी वेताळ टेकडीला जोडलेली आहे. एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या रस्त्यानं, गोखलेनगरकडून किंवा पंचवटीकडून वर जाता येतं. पहिल्या रविवारी उजाडताना जा. मोरांचे आवाज येतील, वेताळाचं देऊळ आहे, जुन्या खाणीत पाणी साठलेलं दिसेल. खाणीच्या काठाशी मुलांना सोडू नका, पाण्यात तर अजिबात उतरू नका. उन्हाळ्यात गवत वाळलेलं असतं, एका विझलेल्या वाटणाऱ्या काडीनं अख्खा उतार पेटतो. पावसाळ्यात पायात बूट हवेत, साप असतात. अंधार पडायच्या आत खाली या, आणि एकट्यानं आडवाटेला जाऊ नका.

वर रोज येणारी बरीच मंडळी भेटतील. २०२३ च्या एप्रिलमध्ये टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती ते पौड फाटा या नियोजित रस्त्याविरुद्ध हजारो पुणेकर टेकडीसाठी चालले, त्यांतले कितीतरी याच गल्ल्यांतले. त्यांच्याशी ओळख करून घ्या. पुढच्या वेळी घर बदलायचं असेल तेव्हा कुठला वरचा मजला रिकामा होतोय हे सगळ्यात आधी तिथेच कळतं. जाताना पाण्याची बाटली घरून न्या आणि रिकामी झाली की परत आणा.